कॅरिअरवरून दाखवलेलं जयपूर

जयपूरला जाऊन आमेरचा किल्ला न पाहता परत आलेला माणूस मला पुण्यात अजून भेटलेला नाही. आता तो मीच आहे. तेव्हा आरशांचा महाल, रंगवलेले हत्ती आणि राजेरजवाड्यांची शान यांच्यासाठी कोणी हा मजकूर हाती घेतला असेल, तर त्यांनी इथेच थांबलेलं बरं. किल्ल्याच्या बऱ्याच अलीकडे, घाटीच्या चढावर, एका निंबाच्या झाडापाशी आमचा प्रवास संपला. जे पाहिलं ते तिथपर्यंतचंच.

बंदर

आम्ही यात्रा स्पेशलने गेलो होतो. ही गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही डबे, त्यांना जोडलेला एक स्वयंपाकाचा डबा, आणि आत निवृत्त झालेली, होऊ घातलेली किंवा कंटाळलेली मराठी माणसं. गाडी गावोगावच्या सायडिंगला नेऊन उभी करतात. माणसं तिथेच झोपतात, तिथेच वरणभात जेवतात, सकाळी उतरून गाव बघतात आणि दिवेलागणीच्या आत आपल्या फळीवर येऊन बसतात. आमच्या व्यवस्थापकांनी तरुणपणी आगबोटीवर नोकरी केली होती. ते सायडिंगला 'बंदर' म्हणत आणि रोज सकाळी बजावत, "शिट्टी झाली की बोट सुटली. बोट कोणासाठी थांबत नाही." आमच्या बंदरांतून समुद्राऐवजी कोळशाचे ढीग दिसत आणि गलबतांच्या जागी मालगाडीचे रिकामे डबे.

जयपूरचं बंदरही तसंच होतं. जानेवारी संपत आला होता. थंडी हाडात शिरत होती आणि यार्डावर इंजिनांचा धूर धुक्यात मिसळून जमिनीलगत पडून राहिला होता. गुलाबी शहर म्हणतात ते कुठे दिसेना. दिसत होतं ते सगळं राखेच्या रंगाचं.

आमच्यापुरतं जयपूरचं महत्त्व वेगळं होतं. माझी थोरली बहीण आक्का आणि तिचा मुलगा वसंता बरोबर होते. वसंता शाळेत शास्त्र शिकवतो, वय तिशीकडे झुकलेलं, बोलणं बेताचं. जयपुरात सहस्रबुद्धे म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांची मुलगी मालती, पत्रिका जुळलेली, आणि स्पेशल तिथे दिवसभर थांबते हे कळल्यावर आक्काने तिघांची तिकिटं काढली. "पुष्करला पुण्य आणि जयपूरला सून," ती म्हणाली. "एका भाड्यात दोन्ही."

हे सहस्रबुद्धे म्हणजे स्पेशलवाल्यांच्या ओळखीतले. संस्थानच्या काळात शाळेत गणित शिकवायला रत्नागिरीकडून गेले ते तिथेच राहिले. त्यांचं आडनाव तिथल्या जिभांना पेलत नाही, म्हणून सगळे त्यांना 'बुद्धेजी' म्हणतात. मराठी माणसांची गाडी आली की हे स्वतः येतात आणि ज्यांना हवं त्यांना शहर दाखवतात. फुकट. घरी चहाला नेतात. उपवर मुलगी घरात असलेला बाप फुकट शहर का दाखवतो, हे गाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, आणि त्यातल्या एकीनेही ते मनात ठेवलं नव्हतं.

सहस्रबुद्धे आले ते सायकलच्या कॅरिअरवर बसून. सायकल मुलगी चालवत होती.

हे दृश्य सावकाश सांगायला हवं. पुढे एक उंच, सावळी, हाडापेराने मजबूत मुलगी. जवळच्या बगरू गावच्या छापाची सुती साडी, पदर खोचलेला, वर बापाचा जुना कोट. मागे कॅरिअरवर काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि चकचकीत बूट घातलेले एक सडपातळ गृहस्थ, तेही तोंड मागे करून बसलेले, बैलगाडीच्या मागच्या फळीवर बसतात तसे. संधिवाताने त्यांचे गुडघे गेले होते. पेडल मारणं बंद झालं, पण शहर दाखवणं त्यांना बंद करायचं नव्हतं. उलटं बसलं की मागून येणाऱ्या मंडळींशी समोरासमोर बोलता येतं, हा शोध त्यांचा स्वतःचा.

"नमस्कार! नमस्कार! प्रवास सुखाचा झाला ना?" उतरताना मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले. "आजचा दिवस जरा अडचणीचा आहे. शहरात परदेशचे मोठे पाहुणे येताहेत. टांगे, मोटारी, सगळं सरकारने अडकवलंय. पण मी सायकलींची सोय केली आहे. पुण्याच्या लोकांना सायकल काय नवी!"

आक्का मुलीकडे बघत होती. मुलगी आक्काच्या पाया पडली आणि म्हणाली, "तुम्ही रिक्षाने घरी चला, आक्का. आई वाट बघतीय. रिक्षा गल्लीगल्लीतून जाईल, त्या भैयाला रस्ता माहीत आहे."

"आणि पाहण्याचा कार्यक्रम?" आक्काने विचारलं.

"तो चार वाजता," सहस्रबुद्धे घाईने म्हणाले. "रीतसर. मालू चहा घेऊन येईल तेव्हा."

"म्हणजे सकाळभर ती वसंताबरोबर सायकलवर हिंडणार, आणि चारला आम्ही तिला पहिल्यांदा बघणार?"

"रीत ती रीत, आक्का," ते गंभीरपणे म्हणाले. मुलगी दुसरीकडे बघून हसली. वसंताने भाड्याच्या सायकलचं पुढचं चाक उचलून फिरवून पाहिलं. त्यालाही हसू आलं असावं, पण चाक फिरवताना ते लपवता येतं.

धुतलेले रस्ते

चांदपोल दरवाजातून आत शिरलो आणि गुलाबी रंग एकदम अंगावर आला. ताजा होता. काही ठिकाणी ओला होता. पाहुण्यांची मिरवणूक ज्या रस्त्याने जायची त्या रस्त्याकडचे दर्शनी भाग रंगवले होते, आणि रंग कोपऱ्यापर्यंत येऊन सुरीने कापल्यासारखा थांबला होता. गल्लीत वळलेल्या भिंतीवर जुने पोपडे तसेच. कमानींवर कापड ताणून त्यावर सोनेरी अक्षरांत स्वागत लिहिलेलं. रस्ते धुतलेले. भिकाऱ्यांनाही कुठेतरी नेऊन ठेवलं असावं, कारण इतक्या मोठ्या शहरात एकही दिसला नाही.

मला थाटामाटाचा फारसा सोस नाही. आमच्याकडेही मंत्री येणार म्हणून शाळेच्या कुंपणाला चुना लागतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. फक्त तिथे चुना स्वस्तातला असतो. इथे संस्थान गेलं तरी रंगाची सवय गेलेली नव्हती.

सहस्रबुद्धेंचं मात्र चित्त प्रसन्न होतं. मुलगी पुढे पेडल मारते आहे, आम्ही दोघं मागे, आणि आमच्याकडे तोंड करून ते व्याख्यान देताहेत. "हे चौकोन पाहा. भूमितीने आखलेलं शहर! उजव्या हाताला त्रिपोलिया दरवाजा!" उलटे बसल्यामुळे त्यांची उजवी बाजू ती आमची डावी. आम्ही उजवीकडे बघायचो तर तिथे शिंप्याचं दुकान. काही वेळाने आम्ही त्यांचा हात कुठे जातो तेवढं बघायला शिकलो. वाटेत दुकानदार हाक मारत, "राम राम, बुद्धेजी! आज फिर बारात ले आए?" आणि ते टोपीला हात लावत. 'बारात' शब्दावर मुलीचं पेडल क्षणभर थबकायचं, मग पुन्हा चालायचं.

हवामहालापाशी शिपायांनी अडवलं. मिरवणूक यायची होती. दोरी बांधली होती आणि शाळेतली मुलं हातात कागदी झेंडे घेऊन पहाटेपासून उभी होती. हवामहालाविषयी माझं मत लिहून ठेवतो: एवढ्या खिडक्या असलेल्या इमारतीला मागे खोल्या फारशा नाहीत. राण्यांनी रस्ता बघावा आणि रस्त्याने राण्यांना बघू नये, एवढ्यासाठी उभी केलेली ती एक भिंत आहे. सहस्रबुद्धेंना हे मी बोललो नाही.

आम्ही दोरीशी तिष्ठत राहिलो. द्रोणात गरम कचोऱ्या घेतल्या. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तेवढीच ऊब. सहस्रबुद्धे कडेच्या ओट्यावर टेकले. वसंताने तोवर मालतीची सायकल उलटी केली होती. मागचा ब्रेक सैल होता. त्याने खिशातून पान्हा काढला, ब्रेकचं रबर सरकवलं, चाक फिरवून बघितलं आणि सायकल सरळ करून ठेवली. पुणेकर परगावीही खिशात पान्हा बाळगतो. मालती बघत होती.

"आजपर्यंत पुष्कळ आले," ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली. "ब्रेक कोणी नाही बघितला."

मी म्हटलं, "शास्त्राचा मास्तर आहे तो. त्याला सैल काही बघवत नाही."

ती हसली. मग म्हणाली, "मामाजी, एक विचारू? पुण्याला थंडी किती असते?"

"इतकी नाही. का?"

"मतलब, बाबांच्या गुडघ्यांना ठीक राहील ना." मग लगेच, "पण ते येणार नाहीत. मी एकुलती एक. शाळेत शिकवते, मुलींच्या. सकाळी त्यांना मागे बसवून देवळात सोडते, मग वाचनालयात, संध्याकाळी परत आणते. दवाखान्यात पण मीच. माझं लग्न व्हावं म्हणून ते सगळ्यांना शहर दाखवतात. आणि लग्न झालं की त्यांना शहरात कोण फिरवणार, हे त्यांना कोणी विचारायचं नाही. मीही विचारत नाही."

"तुला जायचंय का?"

तिने वसंताकडे पाहिलं. तो पान्हा रुमालाने पुसत होता. "आज सकाळपर्यंत नव्हतं जायचं," ती म्हणाली.

तेवढ्यात गलका झाला. मोटारी आल्या. पोरांनी झेंडे हलवले. एका बंद काचेमागे पांढऱ्या हातमोज्यातला एक हात वर झाला, खाली झाला, आणि मोटार गेली. ज्याच्यासाठी शहर रंगवलं त्याने ते पाहिलं असेल तर डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याने. दोरी सोडताच सहस्रबुद्धे उठून म्हणाले, "पाहिलंत? पाहुण्यांचं स्वागत कसं करावं ते जयपूरकडून शिकावं!"

घाटीचा चढ

जोरावर सिंह दरवाजाबाहेर पडलं की रंग संपतो. उघड्या टेकड्या, वाळलेलं गवत, वारा. डाव्या बाजूला किल्ल्याच्या भिंती टेकड्यांच्या कण्यावरून गेलेल्या. जलमहाल तळ्यात अर्धा बुडालेला उभा होता. पाणी करडं, वर थोडे पाणपक्षी. राजाने गारव्यासाठी पाण्यात घर बांधलं आणि आता त्यात फक्त गारवाच राहतो आहे.

इथे मालतीचा दम लागलेला दिसत होता. वाऱ्याविरुद्ध दोघांचं वजन ती सकाळपासून ओढत होती. वसंता तिच्या बरोबरीला गेला आणि दिवसभरातलं पहिलं सबंध वाक्य बोलला, "आता त्यांना माझ्या मागे बसू दे."

सायकली थांबल्या. सहस्रबुद्धेंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी तळ्याकडे मान वळवली. होऊ घातलेला जावई आपण होऊन पाठ पुढे करतो आहे, याहून मोठा शकुन त्या माणसाला कुठला हवा होता? ते टोपी सारखी करून वसंताच्या कॅरिअरवर बसले. मालती हलक्या झालेल्या सायकलवर एकदम कितीतरी पुढे निघून गेली, आणि मग कचरून मागे बघत थांबली.

तिने ओरडून सांगितलं, "बाबा, निंबापाशी उतरा हां!"

चढ जिथे तोंड दाखवतो तिथे रस्त्याकडेला एक निंब आहे. दर वेळी सहस्रबुद्धे तिथे उतरतात आणि थांबत थांबत घाटी चालून जातात. वसंताला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या कानांवर मफलर आणि समोर वारा. सहस्रबुद्धेंना ठाऊक होतं, पण "थांबा, तुम्हाला जमणार नाही" असं जावयाला कसं म्हणायचं? आणि वसंताला पुढे दम लागला तेव्हा "तुम्ही उतरा" असं वडील माणसाला कसं सांगायचं? मी मागून दोघांनाही बघत होतो. वसंता पुणेरी पद्धतीने सीटवरून उठून उभा राहिला आणि पेडलवर सगळं वजन टाकू लागला. पुण्यात असा चढ आम्ही रोज चढतो. पण पुण्यात डबलसीट नेलं तर पोलीस पकडतो, त्यामुळे मागे माणूस असताना उभं राहिलं की पुढचं चाक उचलतं, हे आम्हाला शिकायलाच मिळत नाही.

चाक डगमगलं. सहस्रबुद्धेंनी ओळखलं, आणि आवाज न करता, पोराचा पाणउतारा न होता आपलं वजन तेवढं कमी करावं म्हणून, चालत्या सायकलवरून ते अलगद घसरायला गेले. पाय आधी चाकात गेला.

भीड भिकेची बहीण म्हणतात. मी तिला त्या चढावर रस्त्यात पडलेली पाहिली.

वसंताचं कोपर सोलवटलं. सहस्रबुद्धेंना आम्ही निंबाखाली बसवलं. बुटाची कड फाटली होती आणि दोन स्पोक वाकले होते. मालती सायकल टाकून उतारावरून धावत आली.

"काही नाही, काही नाही," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक. "बूट जाड आहे. संस्थानी चामडं."

"बघू पाय."

"बूट काढायचा नाही, मालू. काढला तर परत चढणार नाही." मग माझा हात धरून म्हणाले, "बापूसाहेब, आक्कांना यातलं कळायला नको. मुलीला बघायच्या दिवशी मुलाचं रक्त सांडलं, माझा पाय... बायकांच्या मनात शकुन-अपशकुन येतात. चारपर्यंतचाच प्रश्न आहे."

"बाबा, हे वेडेपण आहे," मालती म्हणाली.

"असू दे. आमेर तेवढं राहिलं..." ते वसंताकडे बघून दिलगिरीने म्हणाले. "किल्ला फार सुंदर आहे. मी तुम्हाला आरशांचा महाल दाखवणार होतो."

वसंताने वाकलेले स्पोक हातानेच सरळ केले. मालतीने स्वतःच्या रुमालाने त्याचं कोपर बांधलं, बापाला पुन्हा आपल्या कॅरिअरवर बसवलं, आणि आम्ही परत फिरलो. परतीच्या वाटेवर व्याख्यान झालं नाही. ते आमच्याकडे तोंड करून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला हसत होते.

चार वाजता

चांदपोलच्या आतल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. या भिंतीला गुलाबी रंग पोचला नव्हता. आत मात्र सगळं नीट मांडलेलं: गादीवर बगरूची चादर, तांबडी-काळी बुट्टी असलेली, कोनाड्यात गणपती, उदबत्ती. सहस्रबुद्धेंच्या पत्नीने पोह्यांवर सुकं खोबरं घातलं होतं. ओल्या नारळासाठी त्या आक्कापाशी तीनतीनदा क्षमा मागत होत्या. आक्का तोवर त्यांच्याशी बरीच रमलेली दिसली.

आम्ही दारात वहाणा काढल्या. सहस्रबुद्धे भिंतीला धरत आत आले आणि बुटांसकट गादीवर, पाय पुढे सोडून बसले. पत्नी चमकली. त्यांनी तिला डोळ्यांनी दटावलं.

आक्का माझ्या कानाशी लागली. "घरात बूट! बघितलास संस्थानी थाट?" आणि मग मोठ्याने, कारण मनात ठेवणं तिला कधी जमलं नाही, "तुमच्याकडे गणपतीसमोर बूट चालतात वाटतं?"

"थंडी... थंडी असते, आक्का, इकडे," सहस्रबुद्धे म्हणाले.

मालती ट्रे घेऊन आली. हिरवी इरकल नेसलेली, केसांत अबोलीचा नसून कागदाचा गजरा, कारण जयपुरात अबोली मिळत नाही. वसंताने रिवाजाप्रमाणे जमिनीकडे पाहिलं. कोपरावर सदऱ्याची बाही ओढून घेतली होती.

आक्का सावरून बसली. "नाव काय तुझं, मुली?"

"मालती नारायण सहस्रबुद्धे."

"शिकलीस किती?"

ती सांगणार होती. पण तिची नजर चादरीवर गेली. बापाच्या टाचेखालची एक तांबडी बुट्टी बाकीच्यांपेक्षा मोठी झाली होती. ती चादर तिने हजार वेळा धुतलेली. आम्हाला कोणाला ते दिसलं नव्हतं. तिने ट्रे जमिनीवर ठेवला, बापापुढे गुडघ्यांवर बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली.

"मालू! आधी पाहुण्यांना..."

"पाहुणे जातील, बाबा. पाय राहील."

बूट निघताना ते ओरडले नाहीत, पण आम्ही सगळे उठून उभे राहिलो. पायमोजा लाल झाला होता, घोटा नारळाएवढा.

"माझ्या सायकलवरून पडले," वसंता म्हणाला. "मला सांगायचं होतं."

आता आक्काविषयी एक सांगितलं पाहिजे. ती तोंडाची फटकळ आहे, पण रक्त दिसलं की बोलत नाही, कामाला लागते. तिने सहस्रबुद्धेंच्या पत्नीला पाणी तापवायला लावलं, हळद मागितली, पदर खोचून पाय मांडीवर घेतला. शकुनाचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. पट्टी बांधून झाल्यावर तिने मालतीला विचारलं, "हे रोज तुझ्याच मागे बसतात?"

"हो."

"ऊन-पाऊस?"

"हो."

आक्का वसंताकडे बघत राहिली. मग वसंता बोलला, आणि तो इतकं सलग बोलू शकतो हे त्या दिवशी मला कळलं. "तुम्ही दोघंही पुण्याला चला. आमच्याकडे खोली आहे. मी शाळेला जाताना त्यांना सोडीन. डबलसीट शिकेन मी. चढ नसलेला रस्ता पण आहे."

खोलीत उदबत्तीचा धूर तेवढा हलत होता. मालतीने मान वर केली नव्हती, पण तिचे हात थांबले होते. आक्काने नकार दिला नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो. तिने मान हलवली आणि म्हणाली, "जागा आहे."

सहस्रबुद्धे ताठ बसले. टोपी घातली. "आपण फार मोठ्या मनाची माणसं आहात," ते म्हणाले. "पण आमच्या घराण्यात मुलीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत, नातू होईपर्यंत. राहणं तर दूरच. मुलगी दिली की आम्ही तिच्या दारात उभे राहायचं ते परत निघण्यासाठी. आमची काळजी नको. इथे टांगे पुष्कळ."

"बाबा," मालती म्हणाली.

"रीत ती रीत, मालू."

रत्नागिरीतही आता ही रीत इतक्या कडकपणे कोणी पाळत असेल असं मला वाटत नाही. पण ते जेव्हा तिथून निघाले तेव्हा पाळत असत, आणि बरोबर आणलेली वस्तू परगावी माणूस जपूनच वापरतो. मालतीने बूट उचलला, दारात नेऊन इतरांच्या वहाणांशेजारी ठेवला आणि ओल्या फडक्याने पुसायला लागली. निघताना आक्काची ओटी भरली. "कळवतो," आक्का म्हणाली. या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पण त्या वेळी तो अर्थ खरोखरच तिच्या मनात नव्हता, असं मला आजही वाटतं.

शिट्टी

यार्डात अंधारून येत होतं. व्यवस्थापक घड्याळ हातात धरून बोटीच्या गोष्टी सांगत होते. तेवढ्यात रुळांपलीकडून सायकलची घंटी वाजली. मालती होती. कॅरिअर रिकामं. तिने खिडकीतून गूळपोळ्यांचा डबा आत दिला.

"आईने दिलाय." मग आक्काकडे वळून, धापा टाकत, "आक्का, एक मागू? नकार तुम्हीच कळवा. मी नाही म्हटलं तर बाबांना समजेल की त्यांच्यासाठी नाही म्हटलं. ते जेवण सोडतील. तुमच्याकडून आला तर... मतलब, त्यांना सवय आहे."

आक्काचा हात खिडकीच्या गजावर होता. "आणि कारण काय लिहू ग?"

"लिहा, मुलगी काळी आहे. किंवा धड मराठी बोलत नाही. काहीही. त्यांना पटेल."

वसंता दारापाशी उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. "ब्रेक छान लागतोय," ती म्हणाली. शिट्टी झाली.

डबा वळणावर गेला तेव्हा ती सायकल हातात धरून रूळ ओलांडत होती. बसून चालवत का नव्हती, कळलं नाही. मागे कोणी नव्हतं, सायकल हलकी होती.

पुण्याला आल्यावर आक्काने पत्राचा विषय बरेच दिवस टाळला. शेवटी एके सकाळी तिने कार्ड माझ्यापुढे ठेवलं, "बापू, तूच लिही. तुला शब्द सुचतात." मी वरची ओळ लिहिली, पायाची चौकशी केली, आणि कारणापाशी अडलो. काळी लिहवेना. मराठीबद्दल लिहवेना. पत्रिका तर आधीच जुळलेली.

वसंता सायकलला तेल घालत होता. तिथूनच, मान वर न करता म्हणाला, "मामा, तिच्यात खोट काढायची नाही. लिहा, मुलाला डबलसीट चालवता येत नाही."

मी आक्काकडे बघितलं. पुण्याचा माणूस असली गोष्ट कार्डावर, पोस्टमनला वाचता येईल अशी लिहून देत नाही.

"लिही," आक्का म्हणाली. "खरंच आहे ते."

मी लिहिलं. आक्काने ते वाचलं, पदराने पुसल्यासारखं केलं, आणि स्वतः चालत जाऊन पेटीत टाकून आली.